हॅम्बल्डनचें क्रीडांगण : आठवण आणि लेख

इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांत हॅम्बल्डन नांवाचें खेडें आहे. तेथील ब्रॉडहाफपेनी डाऊन या माळास क्रिकेटचें जन्मस्थान म्हणण्याची चाल पडली आहे. १९०८ सालीं तेथें स्मारकशिलाही उभारण्यांत आली. या ख्यातीचें मूळ बहुतांशीं जॉन नायरन याच्या 'द यंग क्रिकेटर्स ट्यूटर' (१८३३) या ग्रंथांत आहे. ग्रंथ मोठा रसाळ. परंतु त्याचें प्रामाण्य तपासून घेतलें पाहिजे.

नायरनचा पिता रिचर्ड हा माळासमोरील 'बॅट अँड बॉल' या पांथशाळेचा चालक व क्लबचा प्रमुख खेळाडू होता. पुत्राचा जन्म १७६४ चा. म्हणजे क्लबच्या वैभवकालीं तो बहुतेक मुलगाच होता, आणि आठवणी सांगितल्या त्या साठी उलटल्यावर. त्याही शब्दबद्ध केल्या कवि कीट्सचा स्नेही चार्ल्स काउडन क्लार्क यानें. स्मृति नायरनची किती व लेखणी क्लार्कची किती, हें निवडणें दुर्घट आहे. बखरी चाळलेल्या वाचकांस ही अडचण नवी नाहीं.

जन्मस्थानाचा दावा तर मुळींच टिकत नाहीं. सरे परगण्यांतील गिल्डफर्ड येथें एका जमिनीच्या वादांत १५९८ सालीं (जुन्या गणनेनें १५९७) जॉन डेरिक या सुमारें एकोणसाठ वर्षांच्या साक्षीदारानें शपथेवर सांगितलें कीं, शाळेंत असतां आपण त्या जागेवर क्रिकेट खेळत असूं. हीही आठवणच, आणि तीही जुनी. पण खेळाचा गौरव करण्याचा तींत हेतु नाहीं, म्हणून तिचें वजन अधिक. लंडनचे नियमही १७४४ चे, क्लबच्या उत्कर्षापूर्वींचे.

मग हॅम्बल्डनचें महत्त्व कशांत? १७७७ सालीं सेव्हनओक्स येथें त्याच्या खेळाडूंनीं इंग्लंडच्या संघास एक डाव व १६८ धावांनीं हरविलें, ऑयलवर्डच्या एकट्याच्या धावा १६७. हा पराक्रम खराच.

क्लबच्या सभावृत्तांच्या १७७२ ते १७९६ च्या वह्या उपलब्ध असून ॲशली-कूपर यानें १९२४ सालीं त्या प्रकाशांत आणल्या. पण वहीवरही डोळे मिटून विसंबूं नये. २९ ऑगस्ट १७९६ च्या सभेस 'मानवी हक्कां'चा कर्ता टॉमस पेन हजर असल्याची नोंद तींत आहे. प्रत्यक्षांत तो त्या वेळीं फ्रान्समध्यें होता व इंग्लंडांत त्यास शिक्षा झालेली होती. कोणा लेखनिकाची ही थट्टा असावी, असें आम्हांस वाटतें. पुढील महिन्यांत, २१ सप्टेंबरच्या पानावर, एकही सभासद आला नाहीं एवढीच नोंद आहे.