पोथीवरील डाग आणि पाठनिर्णय

जुन्या कागदावरील डाग काढणे हा बहुधा रसायनाचा विषय मानला जातो. परंतु पानावर पाठ असेल, तर तो पाठचिकित्सेचाही विषय होतो. पान शुभ्र झाले म्हणजे ते सुधारले, हा समज म्हणूनच तपासून पाहावयास हवा.

या समजाला परंपरा आहे. १७७४ मध्ये शेले याने क्लोरीन वायू तयार केला आणि १७८७ मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनज्ञाने जुनी पुस्तके व मुद्राचित्रे त्याने उजळण्याचा उपाय प्रसिद्ध केला. छपाईच्या शाईतील काजळीवर क्लोरीनचा परिणाम होत नाही. त्यामुळे या उपायाचे यश डोळ्यांत भरते. कागदाचे तंतू मात्र त्याने दुबळे होतात, हे डोळ्यांना लगेच दिसत नाही.

हस्तलिखित पोथीत याहून गंभीर प्रश्न उद्भवतो. आपले लेखनिक चुकलेली अक्षरे हरताळाने झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्याच प्रथेतून आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. क्लोरीनयुक्त द्रावणात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते विरघळू शकते; खालची काजळी तशीच राहते. परिणामी लेखनिकाने रद्द केलेला पाठ पुन्हा उघडा पडेल, आणि हरताळाच्या थरावर लिहिलेली दुरुस्ती थराबरोबर नाहीशी होईल. पुढील संपादकाच्या हाती त्या प्रतीचा उलटा साक्षीपुरावा पडेल.

हळदीची गोष्टही अशीच. पूजेतील पोथीवर हळदीची बोटे उमटलेली असतात. आम्लता घालविण्यासाठी तीव्र अल्कधर्मी द्रावण वापरल्यास हळद तांबूस होते. तिचा डाग कुंकवाचा भासू शकतो.

याचा अर्थ डागाला हातच लावू नये, असा नव्हे. वाढती बुरशी रोखलीच पाहिजे. ओल शोषून उमटलेली तपकिरी कडही कागदाला तेथे ठिसूळ करते, म्हणून तिच्यावर उपचार योग्य ठरतो. तथापि कागदाला अपाय करणारा डाग आणि केवळ डोळ्यांना खुपणारा डाग यांत भेद करणे अवश्य आहे. दुसऱ्या प्रकारचा डाग राहू द्यावा.

उपचारापूर्वी प्रत्येक पानाचे रंगीत छायाचित्र घ्यावे, डागांचे स्थान ओळीनिशी नोंदवावे आणि ती नोंद पोथीच्या वर्णनात समाविष्ट करावी. हे काम एकट्या रसायनज्ञावर सोपविता येणार नाही. पिवळा ठिपका कोणत्या अक्षरावर पडला आहे, हे सांगण्यास लिपी वाचणाराच हवा.