एकोणतीस इंचांचा खण

लॅमिनेटचं कौतुक करायला गेलं की सागवानाचे भक्त नाक मुरडतात. प्लायवर चिकटवलेला छापील कागद, त्यात कारागिरी ती कसली? अशा मंडळींना मुलुंड पूर्वेच्या एका दिवाणखान्यात नेऊन उभं करावं. तिथं दहा फुटांची अख्खी भिंत व्यापून पुस्तकांचं एक कपाट उभं आहे. घरमालक निवृत्त प्राध्यापक, मिस्त्री कोकणातले. नावं सांगत नाही. कपाट पुरेसं बोलकं आहे.

आधी खण पाहा. प्राध्यापकांना तीन ऐसपैस खण हवे होते. मिस्त्रींनी चार केले, प्रत्येकी एकोणतीस इंचांचे. तीनच केले असते तर फळी एकोणचाळीस इंचांची झाली असती. दर फुटाला वजन तेवढंच धरलं, तर फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे दहा इंच लांबी वाढली की बाक तिपटीहून जास्त. फूटभर पुस्तकं सात-आठ किलो सहज भरतात. मिस्त्रींनी हे गणित कागदावर कधी मांडलं नसेल. “काका, तिशीच्या पुढे फळी झोपते,” एवढंच ते म्हणाले. चौथ्या घाताचा इतका आटोपशीर अनुवाद मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

वरच्या फळ्यांची खोली पावणेबारा इंच. हा आकडा आला प्लायच्या तक्त्यातून. तक्ता आठ बाय चारचा. चार फुटांच्या रुंदीतून चार पट्ट्या काढायच्या आणि करवतीचं पातं दर कापाला सूतभर खातं, ते सोडून द्यायचं. खालच्या कपाटासाठी त्याच रुंदीतून तीन पट्ट्या, पावणेसोळा इंचांच्या. बाजूला फेकायला जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय पावणेबारा इंचांत डेमी आकाराच्या पुस्तकांच्या मागेपुढे दोन रांगा बसतात, आणि मराठी वाचकाच्या घरी त्या बसवाव्याच लागतात. दोन रांगा झाल्या की वजनही दुप्पट. मग एकोणतीस इंचांचा आग्रह पुन्हा आठवतो.

शेजारशेजारच्या खणांतल्या फळ्या एका रेषेत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, पुस्तकांच्या उंचीप्रमाणे ठेवल्या असतील. तेही खरंच आहे. दिवाळी अंकांना आणि कादंबऱ्यांना एकच उंची चालत नाही. पण फळी उभ्या पार्टिशनमध्ये चार मिलिमीटर खाच पाडून बसवलेली आहे. एकोणीस मिलिमीटरच्या प्लायला दोन्हीकडून समोरासमोर खाच पडली, तर तिथं जेमतेम अकरा उरतात. फळ्या वरखाली केल्या की हा प्रश्नच राहत नाही. दिसायला लय, आतून बळकटी. दोन्ही एकाच निर्णयातून.

आता लॅमिनेट, आपल्या बोलीतला सनमायका. १९१२च्या सुमारास अमेरिकेत हा पदार्थ जन्मला तो शोभेसाठी नव्हे, तर विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी निरोधक म्हणून. रेझिनमध्ये भिजवलेले जाड कागदाचे थर, वर नक्षीचा कागद, हे सगळं उष्णता देऊन दाबलेलं. म्हणूनच त्याची कड काळपट दिसते, आणि कच्च्या हाताच्या कामात ती काळी रेघ चारचौघांत उघडी पडते. इथं ती शोधावी लागते. फळीच्या वरच्या-खालच्या बाजू आधी चढवल्या, समोरची पट्टी सर्वांत शेवटी. त्यामुळे समोरून रेघ नाही. मग कड कानशीनं मारली. कानस लॅमिनेटकडून प्लायकडेच चालवायची. उलट ओढली की कपची उडते. त्या कडेवरून मी बोट फिरवलं. कुठं अडलं नाही, आणि कडेचा टोकदारपणाही हरवला नव्हता. गुळगुळीत करता करता कड गोलमटोल करून टाकणारे पुष्कळ असतात.

आतली बाजूही मोकळी सोडलेली नाही. तिथं पातळ लायनर आहे. एकाच अंगाला लॅमिनेट लावलं तर प्लाय बाक धरतो, विशेषतः पावसाळ्यात. दोन्ही अंगांना फेविकॉल सारखा पसरून तक्ते एकावर एक रचले आणि रात्रभर वजनाखाली ठेवले. (हा फेविकॉलही उपनगराचाच म्हणायचा: १९५९पासूनचा, आणि त्याच्या कंपनीचं मुख्यालय अंधेरी पूर्वेला.) मी पल्ल्यांवर बोटाच्या पेरानं टकटक करत गेलो. एकाही ठिकाणी पोकळ आवाज आला नाही.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट खाली आहे. प्रत्येक पल्ला आणि त्याच्या वरच्या ड्रॉवरचा दर्शनी भाग लॅमिनेटच्या एकाच पट्टीतून कापलेला आहे. छापील लाकडाची रेघ ड्रॉवरमधून निघते, फट ओलांडते आणि पल्ल्यात उतरते. नक्षी कारखान्यात छापली हे कबूलच, पण ती कुठं तोडायची आणि कुठं जोडायची हे या घरात ठरलं. विश्वकोशाचे खंड त्या पल्ल्यांमागे आहेत. बाहेर दिसावेत असा प्राध्यापकांचा हट्ट होता, तो मोडला हे बरंच झालं. वरच्या पट्टीत दडवलेले पिवळे दिवे मात्र मला खटकले. ते मालकांच्या सुनेची हौस, मिस्त्रींच्या माथी मारायला नको.

डावीकडची भिंत ओळंब्यात नाही. कपाट आणि भिंत यांमधली पट्टी वर चार सूत आहे, खाली एक सूत. “भिंत वाकडी आहे, म्हणून कपाट वाकडं करायचं का?” हा मिस्त्रींचा सवाल. मागची भिंत बाहेरची, पावसात ओल धरणारी; म्हणून पाठीचा प्लाय भिंतीपासून इंचभर पुढे घेतला आहे. त्या फटीत हवा खेळावी म्हणून खालच्या स्कर्टिंगला भोकं पाडली आहेत, तीही पुढे न पाडता कडेच्या अंगाला, जिथं झाडू पोचतो पण नजर पोचत नाही. मी ती पाहिली ती मिस्त्रींनी टॉर्च मारून दाखवल्यावर.