दादरचा फ्लॅट, मागचा जिना आणि आपली शहाबादी

मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींवर आता मराठीतही पुष्कळ लिहिलं जातं. फोटो देखणे असतात. गोल वळण घेतलेली बाल्कनी, खिडक्यांवरून आडवा धावणारा सिमेंटचा छज्जा, फाटकावर उगवता सूर्य. माझी तक्रार एकच आहे. लिहिणारा रस्त्यावर उभा राहून लिहितो, जिना चढत नाही. आयुष्य साइटवर गेल्यामुळं मला इमारत आतून वाचायची खोड लागली आहे.

शिवाजी पार्क घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. हवा-उजेडाची नवी वस्ती दादर-माटुंग्याकडं आखली गेली. माहीम पार्कला १९२७ साली शिवाजी महाराजांचं नाव मिळालं आणि भोवती दोन-तीन मजली घरं उभी राहिली. म्हणजे त्या ऐटदार बाल्कनीच्या मुळाशी उंदीर आणि गाठीचा ताप आहे, बघा.

दादर म्हणजे कलंदरांचं गाव, असंही लिहितात. खोटं नाही. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' इथंच केला, रणजित स्टुडिओ इथलाच, आणि १९७० च्या दशकात छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटक रंगलं. पण फ्लॅट बांधले गेले ते मुख्यतः पगारदार, पांढरपेशा कुटुंबांसाठी. कलंदरपण मागाहून आलं.

चाळीत संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. फ्लॅटमध्ये तो घरात आला. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना हे पचवायला सोपं नव्हतं. निखिल राव यांनी 'हाऊस, बट नो गार्डन' (२०१३) या इंग्रजी पुस्तकात या बदलाला महत्त्व दिलं आहे. ते जिना चढलेले अभ्यासक. संडास घरात आला, पण तो साफ करणारा माणूस पुढच्या दारानं यायचा नाही. म्हणून अनेक इमारतींना मागून लोखंडी गोल जिना. पुढं मोझेकची नक्षी, मागं हा जिना. नकाशा एकच, जातीची रेघ त्यातूनच गेलेली. शैलीचं कौतुक करणारे लेख हा जिना दाखवतच नाहीत, आणि इथं मी त्यांना माफ करत नाही.

आता आपल्याकडचं. मुंबई-सोलापूर-रायचूर लोहमार्गावरचं शहाबाद आपल्याच जिल्ह्यातलं. तिथली फरशी मुंबईच्या स्वयंपाकघरांत, मोऱ्यांत, गॅलऱ्यांत गेली. शहाबादला सिमेंटचा कारखानाही होता. आर्ट डेको पॅरिसहून आली म्हणतात. नाव आलं असेल हो, दगड आपल्या खाणीतला.

ती गोल बाल्कनी सिमेंट-सळईशिवाय झालीच नसती. पुढं काढलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते, वरचं सिमेंट फोडते. त्यात १९४७ च्या भाडेकायद्यानं भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हचा परिसर गेला. शिवाजी पार्क बाहेर राहिलं, आणि तिथं पुनर्विकासाचे टॉवर चढताहेत. राहणाऱ्यांना मी दोष देत नाही. छताचे पोपडे ताटात पडू लागले की वारसा आठवत नाही.

मध्ये ओळखीच्या एका घरी गेलो होतो. दिवाणखाना जपलेला, खिडक्यांची मूळ लाकडं तशीच. स्वयंपाकघरात नवी चकचकीत टाइल. खालची शहाबादी उखडून मागच्या अंगणात रचलेली. "मुंबईत तुमच्या गावचा दगड आहे," म्हटल्यावर यजमान हसले. गोल जिना पूर्वीच भंगारात गेला होता. भिंतीवर त्याच्या पट्ट्यांची भोकं तेवढी होती, तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत, एकावर एक. त्यांचे फोटो मी काढून ठेवले.