मातृरूपातील निसर्ग : एका रूपकाची चिकित्सा

भारतीय संस्कृतीने निसर्गाला माता मानले आणि म्हणूनच त्याचे जतन केले, असे विधान पर्यावरणविषयक लेखनात वारंवार आढळते. या विधानाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र पूर्वार्धातून आपोआप निष्पन्न होत नाही. माता म्हणजे न मागता देणारी आणि अपराध पोटात घालणारी, असा अर्थ एकदा रूढ झाला की या रूपकातून कर्तव्यापेक्षा हक्काचीच भावना अधिक बळावते.

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील पृथ्वीसूक्त या संदर्भात नेहमी उद्धृत केले जाते. पृथ्वी माता आणि आपण तिचे पुत्र, हा त्यातील विचार सर्वपरिचित आहे. परंतु ६३ मंत्रांच्या या सूक्तात खणणाऱ्याची एक प्रार्थनाही आहे : जे खणून काढले ते लवकर भरून यावे, खणताना भूमीच्या मर्मस्थानी व हृदयाला इजा होऊ नये. येथे पृथ्वीला देह आहे आणि तो दुखावू शकतो. गौरवाच्या भरात नेमका हाच मंत्र मागे पडतो, हे लक्षणीय आहे.

भागवत पुराणातील पृथुकथेचे चित्र वेगळे आहे. धान्यबीजे पोटात दडवून ठेवणाऱ्या पृथ्वीवर पृथुराजा धनुष्य रोखतो. ती गाईचे रूप घेऊन पळते, शेवटी शरण येते आणि वत्स योजून आपले दोहन करण्यास सांगते. पुढे धनुष्याच्या टोकाने पर्वतशिखरे फोडून भूमी सपाट केली जाते, गावे-नगरे वसतात आणि राजा पृथ्वीला कन्या मानतो. दूध देणारी गाय कन्या ठरते, हा नात्यातील बदल बोलका आहे. मातृत्व, दोहन आणि स्वामित्व ही तिन्ही येथे एकाच कथेत सुखाने नांदतात.

महाराष्ट्रातील लोकाचार पाहता हे नाते आणखी गुंतागुंतीचे दिसते. कृष्णामाई, गोदामाई या संबोधनांत मातृभाव उघड आहे. पण नदीची खणानारळाने ओटी भरली जाते तेव्हा ती माता नसून सवाशीण असते, आणि देणारा हात माणसाचा असतो. अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या ‘वॉटर अँड वुमनहूड’ (१९९५) या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्यांच्या स्त्रीत्वाच्या अशा अनेक छटा नोंदल्या आहेत. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथातील विवेचन त्याहून खोल जाते. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी भूदेवी, गोव्यातील सांतेरी, ही तेथे भूमीच्या सर्जनेंद्रियाशी जोडली जाते. वारुळाविषयी वाटणारी भीती आणि आदर यांत लाडक्या आईविषयीच्या निर्धास्तपणाला जागा नाही.

संयमाचे स्पष्ट उदाहरण पूर्व भारतात आढळते. ओडिशातील रज आणि आसाममधील अंबुवाची या पर्वांत भूमी रजस्वला मानली जाते व त्या दिवसांत नांगरट थांबते. त्यामागे विटाळाची कल्पना आहे हे खरे आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. तरीही देणाऱ्या देहालाही विश्रांती लागते, एवढे तेथे आचारातच मान्य झाले आहे. रूपक माणसाचा हात थांबवते ते अशा ठिकाणी. केवळ ‘माता’ या शब्दाने नव्हे.

या रूपकाची आधुनिक कसोटी न्यायालयात लागली. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा व यमुना यांना सजीव व्यक्तीचा कायदेशीर दर्जा दिला आणि राज्याचे मुख्य सचिव, महाधिवक्ता व ‘नमामि गंगे’ प्रकल्पाचे संचालक यांना त्यांच्या पालकस्थानी नेमले. कोट्यवधी लोक जिला माता म्हणतात तिला कायद्याच्या भाषेत अज्ञान बालक व्हावे लागले! मंदिरातील देवतेलाही कायदा असाच दर्जा देतो. त्यामुळे निर्णय विक्षिप्त म्हणता येत नाही, पण त्यातील विरोधाभास लपत नाही. राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात हरकत घेतली. नद्या अनेक राज्यांतून वाहतात. पुरात कोणी दगावल्यास नुकसानभरपाईचा दावा मुख्य सचिवांवर लावायचा काय, असा त्यातील एक प्रश्न होता. जुलै २०१७ मध्ये या निर्णयाला स्थगिती मिळाली.