बाली बेट आणि आपले प्रवासवर्णन

उन्हाळ्याच्या सुट्टीत धर्मग्रामातील मुले पुण्या-मुंबईहून गावी येतात, तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात घटकाभर गप्पा रंगतात. पूर्वी नोकरी, लग्न आणि पाऊसपाणी हे गप्पांचे विषय असत. अलीकडे त्यांत बाली बेटाची भर पडली आहे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य साठवलेली सारी रजा एकदम घेऊन तेथे महिनाभर राहून आले. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत येण्याचा खेळ दोघेही शिकले. त्यांनी छायाचित्रे दाखविली. तरुणाच्या आईने ती एकेक करून पाहिली आणि विचारले, "तिथली माणसं काय खाऊन राहतात रे?" मुलाला उत्तर देता आले नाही. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून बालीवर जे लेख येतात, त्यांपैकी काही आम्ही मुद्दाम पुन्हा वाचून पाहिले. त्यांतही उत्तर मिळाले नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला, पुढे अनंत काणेकर, गंगाधर गाडगीळ यांनी या प्रकाराला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली, पु. ल. देशपांडे यांनी तो घराघरांत पोहोचविला. बाली बेटाची सामान्य मराठी वाचकाला पहिली जवळीक वाटली ती पु. लं.च्या 'पूर्वरंग'मुळे, असे म्हणण्यास हरकत नाही. पु. ल. स्वतः पेटीवादक व संगीतकार होते. बालीचे नृत्य आणि वाद्यवृंद यांकडे ते कलावंताच्या जिव्हाळ्याने पाहतात. त्यांचा विनोद यजमानाला ओरखडा काढीत नाही, कारण हसण्याचा पहिला विषय ते स्वतःच असतात. आजच्या पुरवणीलेखकाने निदान हा गुण तरी त्यांच्याकडून घ्यावा.

तथापि 'पूर्वरंग' वाचून मनात उरते ते एका आनंदी, कलासक्त बेटाचे चित्र. हे चित्र पु. लं.नी निर्माण केलेले नव्हे. डच सैन्याने १९०६ साली बादुंग आणि १९०८ साली क्लुंगकुंग ही बालीची राज्ये जिंकली, तेव्हा तेथील राजकुटुंबे व त्यांचे शेकडो अनुयायी शरण न जाता बंदुकांसमोर चालत गेले आणि मेले. त्या रक्तपातानंतर डच सरकारने बालीला जपून ठेवण्याजोगे प्राचीन संग्रहालय ठरविले आणि पर्यटकांना दारे उघडली. ख्रिस्ती मिशनऱ्यांना मात्र तेथे दीर्घकाळ मज्जाव होता. १९२७ साली जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस तेथे स्थायिक झाला. मेक्सिकन चित्रकार मिगेल कोवारुबियासचे बालीवरील पुस्तक १९३७ साली निघाले. 'पृथ्वीवरचा स्वर्ग' ही कल्पना जगभर रुजली ती या काळात. १९६३ हे 'पूर्वरंग'चे प्रकाशनवर्ष. त्याच वर्षी मार्चमध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक होऊन बालीत हजारावर माणसे दगावली. पाठोपाठ १९६५-६६ च्या राजकीय कत्तलीत तेथील हजारो माणसे मारली गेली. पुस्तक लिहिताना हे पुढचे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून लेखकाला दोष देता येणार नाही. मात्र साठ वर्षांनंतरही आपण तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून विमानात बसतो, हा दोष वाचकांचा आणि नंतरच्या लेखकांचा आहे.

लाटांच्या खेळाचेच उदाहरण घ्या. हा खेळ मूळचा हवाई बेटांचा. रॉबर्ट कोक या अमेरिकन गृहस्थाने १९३६ साली कुटा येथे किनाऱ्यावर हॉटेल सुरू केले आणि हा खेळ बालीत आणला. १९६९ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियन तरुणांची रीघ लागली. आजचे लेख लाटेची उंची, फळीचे भाडे आणि सूर्यास्त यांविषयी भरभरून सांगतात. पण बालीच्या माणसाला तो समुद्र कसा दिसतो? त्याच्या दृष्टीने पर्वताची दिशा पवित्र, समुद्राची दिशा खालची आणि भयाची. तरीही त्याच समुद्रावर तो वर्षातून एकदा देवमूर्ती मिरवत नेतो, कारण मळ धुऊन नेणाराही समुद्रच. शिष्यांची नाव बुडू लागली त्या रात्रीचे मार्कलिखित वृत्त वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे भय आणि ही श्रद्धा परकी वाटू नये. लेखकाने एवढे विचारले असते, तर त्याच लाटेविषयी त्याला किती तरी अधिक लिहिता आले असते.

दुसरे उदाहरण नावाचे. बालीवरील बहुतेक लेखांत 'वायन' नावाचा एक हसतमुख ड्रायव्हर भेटतो. त्याचे नाव दिले म्हणजे माणसाची दखल घेतली, अशी लेखकाची समजूत असते. परंतु बालीत वायन, मादे, न्योमान, कतुत ही नावे जन्मक्रमाने ठेवतात. वायन म्हणजे पहिले अपत्य. आपल्याकडे एखाद्याची ओळख 'थोरला' एवढीच करून द्यावी, तसे हे झाले. या थोरल्याचे घर, त्याची शेती, त्याचे कर्ज यांविषयी लेख मुका असतो.

आईच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर अवघड नव्हते. बालीची माणसे भात खातात. तो भात 'सुबक' नावाच्या पाणीवाटपाच्या सामूहिक व्यवस्थेवर पिकतो; पाण्याची पाळी शेतकरी मिळून ठरवितात आणि जलदेवतेच्या मंदिराशी ती बांधलेली असते. २०१२ साली युनेस्कोने या भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. खानदेशातील फड पद्धतीशी तिचे नाते लागेल. भंडारदऱ्याच्या पाटाच्या पाळीवरून ज्यांनी रात्री जागून काढल्या, त्या आमच्या वाचकांना ती पानभर समजावून सांगण्याचीही गरज नाही. आज मात्र अनेक घरांचा घास पाहुण्यांवर अवलंबून आहे. १२ ऑक्टोबर २००२ रोजी कुटा येथील बाँबस्फोटांत २०२ माणसे मेली, त्यांत ३८ इंडोनेशियाचीच होती. त्यानंतर पाहुणे थांबले आणि कमाईही थांबली. २०२० च्या महामारीत तेच पुन्हा घडले, तेव्हा अनेकांनी पुन्हा शेती आणि समुद्रशैवालाची लागवड धरली. आपली सुट्टी ही दुसऱ्याची रोजी असते, एवढे भान लेखात उमटले पाहिजे.

सुट्टीवर गेलेल्या लेखकाला हे साधत नाही, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते मान्य नाही. अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन १९०७ साली हवाईत काही महिने राहिला. लाटेवर उभे राहण्याच्या धडपडीत उन्हाने त्याची कातडी भाजून निघाली. त्याचे वर्णन 'द क्रूझ ऑफ द स्नार्क' या पुस्तकात आहे. पण लगतचेच प्रकरण मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीचे आहे. तो तेथे जाऊन राहिला आणि सणाच्या दिवशी शर्यती लावून हसणारी माणसे त्याने दाखविली. त्याच वसाहतीत संत डेमियन १८७३ साली गेले आणि १८८९ साली त्याच रोगाने वारले. लंडन काही संत नव्हता. तरीही किनाऱ्यावरून उठून पलीकडच्या बेटावर जाण्याची बुद्धी त्याला झाली, म्हणून ते पुस्तक आजही वाचनीय आहे.

या गोष्टीचा आम्ही इतका आग्रह का धरतो? कारण एके काळी आपणही कोणाच्या तरी वर्णनातील 'बेट' होतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगर जिल्ह्यातील खेड्यांची वर्णने दूरच्या वाचकांसाठी लिहिली गेली. आपल्या पणजोबांच्या पिढीतील माणसे त्यांत बहुधा उपाशी चेहरे म्हणून आली. त्यांची नावे, त्यांची गाणी क्वचितच आली. त्या लिखाणामागे करुणा होती आणि त्यातून धान्यही आले, हे आम्ही कृतज्ञतेने मानतो. तरी ते वाचताना मन खट्टू होते. याउलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. त्यांतील नगर-राहुरीची माणसे भांडतात, चुकतात, हसवितात. त्यांना कोणी नुसते पाहून गेलेले नाही.

निर्गमाच्या विसाव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा आहे. ती केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा उपरा यांनाही त्या दिवशी विसावा मिळावा, असे तेथे सांगितले आहे. बालीत 'न्येपी' नावाचा मौनाचा दिवस पाळतात. त्या दिवशी दिवे, रस्ते, किनारे, एवढेच काय विमानतळही चोवीस तास बंद असतो. पाहुण्यांनाही आवारातच राहावे लागते. आमच्या दांपत्याने तो दिवस 'वाया गेला' असे सांगितले. आमच्या मते त्या महिन्यात यजमान आणि पाहुणे एकत्र विसावले असतील, तर ते त्या एकाच दिवशी.

बालीच्या पश्चिमेस जेम्ब्राना जिल्ह्यात पालासारी नावाचे गाव आहे. १९४० साली कॅथलिक कुटुंबांनी जंगल तोडून ते वसविले. तेथील येशूच्या पवित्र हृदयाचे चर्च बालीच्या देवालयांच्या शैलीत बांधलेले आहे. पुढच्या खेपेस आपल्यापैकी कोणी त्या बेटावर गेले, तर एखाद्या रविवारी लाटा सोडून तेथील मिस्सेला जावे. भाषा कळणार नाही, पण मिस्सा कळेल. नंतर आवारात कोणाजवळ तरी बसून शेतीची, मुलाबाळांची आणि पाण्याच्या पाळीची चौकशी करावी. परत आल्यावर त्यावर चार पाने लिहून या त्रैमासिकाकडे पाठवावीत. छायाचित्रे नसली तरी चालतील. आमच्या त्या माउलीला वाचून दाखविण्याची जबाबदारी आम्ही घेतो.