वळू (द बुल)

वळू : डच चित्रकार पाउलस पॉटर (१६२५–५४) याचे १६४७ मधील प्रसिद्ध तैलचित्र. आकार २३५·५ × ३३९ सेंमी. ते हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. १७९५ मध्ये फ्रेंच सैन्याने ते पॅरिसला नेले. १८१५ मध्ये ते नेदर्लंड्‌सला परत मिळाले.

चित्रात जवळजवळ प्रत्यक्ष आकाराचा एक तरुण वळू उभा आहे. त्याच्याजवळ बसलेली गाय, मेंढा, मेंढी व कोकरू असून, झाडापाशी शेतकरी उभा आहे. पलीकडे सपाट कुरण पसरले असून दूरवर रेइस्वेइक गावचे चर्च दिसते. क्षितिजरेषा खाली ठेवल्यामुळे वळूची आकृती आकाशावर ठसठशीतपणे उमटते. त्याच्या कपाळावरील दाट केस, अंगाभोवतीच्या माश्या, जमिनीवरील बेडूक आणि आकाशातील चंडोल हे सर्व सारख्याच निष्ठेने रंगविलेले आहे.

एवढे भव्य आकारमान त्या काळी सामान्यतः धार्मिक, पौराणिक वा ऐतिहासिक विषयांना दिले जाई. पॉटरने ते गोठ्यातील जनावराला दिले. प्रारंभी त्याने केवळ वळूच रंगविण्याचे योजिले होते. पुढे कॅनव्हास दोन्ही बाजूंनी व वरून वाढवून त्याने इतर प्राण्यांना आणि शेतकऱ्याला जागा केली. म्हणजे येथे मनुष्य हा मागाहून आलेला आहे.

डच मुद्राचित्रांत गाय हे देशाच्या समृद्धीचे प्रतीक म्हणून येत असे. त्यामुळे हा वळूही डच प्रजासत्ताकाच्या सामर्थ्याचे प्रतीक मानण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे. हा अर्थ संभवनीय असला, तरी त्याला दुजोरा देणारे कोणतेही चिन्ह वा लेख चित्रात नाही. उलट माश्या व शेण यांसारखे तपशील दृष्टीला पुनःपुन्हा प्रत्यक्ष जनावराकडेच वळवितात.

तथापि हा वळू एखाद्या विशिष्ट जनावराची हुबेहूब प्रतिकृती नव्हे. त्याचे खांदे प्रौढ वळूचे, तर मागील भाग कोवळ्या वयाच्या वळूचा आहे. निरनिराळ्या जनावरांच्या अभ्यासांतून तो घडविलेला दिसतो. चित्रातील वास्तवता ही अशा प्रकारे निरीक्षणाइतकीच रचनेचीही निर्मिती होय.

फ्रेंच चित्रकार व समीक्षक अझेन फ्रॉमांतँ याने १८७६ मध्ये या चित्राच्या रचनेतील उणिवा दाखविल्या. मात्र त्यामागील प्रामाणिक अभ्यासाची थोरवीही मान्य केली. त्याचा आक्षेप अनाठायी नाही. सर्वच तपशिलांना सारखे महत्त्व दिल्याने समूहाची एकात्मता काहीशी ढिली पडते. परंतु चित्राचे बळही याच समदृष्टीत आहे. पुराणकथेचा वा रूपकाचा आधार न घेताही मुके जनावर भव्य कलेचा विषय होऊ शकते, हे पॉटरने या चित्राद्वारे सिद्ध केले.