नत्रयुक्त सांडपाणी आणि जमीन : संशोधनपद्धतीची एक चिकित्सा

मळीपासून मद्यार्क तयार करणाऱ्या आसवनीचे सांडपाणी शेतास द्यावे किंवा कसे, हा महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील जुना वाद होय. या विषयावरील प्रायोगिक लेखनात एक ठराविक मांडणी वारंवार आढळते. सांडपाण्यातील एकूण नत्र मोजावयाचे, एका हंगामाचे उत्पादन तोलावयाचे आणि ते वाढले की सांडपाण्यास खत म्हणून मान्यता द्यावयाची. ही मांडणी अपुरी तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारीही आहे.

साधे गणित पाहू. अशा सांडपाण्यात लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम नत्र व १०,००० मिलिग्रॅम पोटॅशियम धरले, तर अवघ्या एक सेंटिमीटर थरातून हेक्टरी १५० किलो नत्र मिळते. सुरू उसासाठी शिफारस २५० किलोंची असल्याने ही मात्रा निरुपद्रवी भासते. परंतु त्याच थरातून १,००० किलो पोटॅशियम, म्हणजे पालाशाच्या हिशेबाने सुमारे १,२०० किलो, जमिनीत पडते. पालाशाची शिफारस मात्र ११५ किलोंची आहे. नत्राच्या नावाने दिलेले पाणी वस्तुतः क्षारांचे पाणी ठरते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ‘एकूण नत्र’ हा आकडा नत्राचे रूप सांगत नाही. सेंद्रिय नत्रापासून अमोनियम बनते. ते धनभारित असल्याने काळ्या जमिनीतील चिकणमाती त्यास धरून ठेवते. पुढे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ही क्रिया जैविक असल्याचे श्लेझिंग व म्युंट्स यांनी १८७७ मध्ये दाखविले, तेही सांडपाणी वाळूतून झिरपवूनच. ऋणभारित नायट्रेट मात्र मातीत ठरत नाही. ते निचऱ्याबरोबर खाली उतरते. सहज कुजणाऱ्या द्रव्यांमुळे जमिनीतील प्राणवायू संपला, तर त्याचाच काही भाग नायट्रोजन व नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो.

तेव्हा पिकाने न घेतलेले नत्र गेले कोठे, हा प्रश्न टाळून काढलेला निष्कर्ष ग्राह्य मानता येत नाही. केवळ वरच्या वीतभर मातीचे पृथक्करण पुरेसे नव्हे. खोल थर, लगतची विहीर आणि अनेक हंगाम यांची नोंद हवी. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ज्या शेतात ऊस वाढला त्याच्याच विहिरीने ही मर्यादा ओलांडली असेल, तर त्या प्रयोगास यशस्वी कोणत्या अर्थाने म्हणावयाचे, याचे उत्तर नव्या अभ्यासकांनी प्रबंध लिहिण्यापूर्वी द्यावे.